एक जूनची पंगत

त्या वर्षी पळसटाकळीत एक जून भरला. सकाळी तारीख नेहमीसारखी उजाडली, गायरानावरून वर आली, दुपारनंतर मात्र तिच्यात जागाच उरली नाही आणि ती पुढं सरकेना. सूर्य शाळेमागच्या टेकडीवर येऊन टेकला आणि तिथंच राहिला. सावल्या लांबायच्या थांबल्या. शेळ्या घरी निघाल्या होत्या, त्या वेशीपर्यंत येऊन उभ्या राहिल्या, कारण घरी जायची वेळच होत नव्हती.

याला गावच जबाबदार होतं, दुसऱ्या कुणाला बोल लावण्यात अर्थ नाही. पळसटाकळीत केस पिकलेलं जे माणूस भेटेल त्याचा वाढदिवस एक जूनलाच. पोराला शाळेत घालताना औटी गुरुजी विचारायचे, जन्म कधीचा? आई म्हणायची, थोरल्या म्हशीला रेडी झाली त्याच्या पुढच्या आठवड्यातला. बाप म्हणायचा, थोरल्या नव्हं, धाकट्या म्हशीला. दोघांची तिथंच जुंपायची. गुरुजी चष्मा पुसत ऐकून घ्यायचे आणि पोराला सांगायचे, उजवा हात डोक्यावरून घे आणि डावा कान धर. बोट कानाला लागलं की पोर शाळेच्या वयाचं झालं. मग गुरुजी मोठ्यानं म्हणायचे, "एक जून. पुढचा." शाळा जूनमध्ये भरते, हिशेबाला बरं पडतं, आणि म्हशींचा विषयही तिथंच मिटतो. असं करत करत गुरुजींनी सगळा गाव एका दिवसात कोंबला. पुढं त्यातली जी नोकरीला लागली ती सगळी एकतीस मेला एकाच मांडवात शाल आणि नारळ घेऊन निवृत्त व्हायची, आणि दुसऱ्या दिवशी एकमेकांना वाढदिवसाचे पेढे द्यायची. यात कुणाला काही वावगं वाटलं नव्हतं.

हौसाबाई ठुबेलाही वाटलं नव्हतं. तिचाही एक जूनच. वेशीपाशी तिची पिठाची गिरणी होती, नवरा गेल्यापासून तिनं ती एकटीनं चालवली होती, आणि दारावरची पाटी तिनं स्वतःच्या हातानं रंगवली होती. ‘ठ’ जरा तिरका झाला होता, पण तो कुणी दाखवून दिलेला तिला खपत नसे.

त्या दिवशी गिरणी बंद होती. तिची एकुलती एक लेक कांचन पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, सकाळीच तिला कळा सुरू झाल्या आणि हौसाबाईनं तिला गावातल्या उपकेंद्रात आणलं. म्हस्के सिस्टर म्हणाल्या होत्या, दुपारपर्यंत मोकळी होईल. जावई मुंबईला होता, तो दोन तारखेला येणार होता. आता दोन तारीखच येत नव्हती, तेव्हा त्याचंही येणं लांबलं.

सिस्टर हात पुसत बाहेर आल्या.

"मावशी, बाळ अगदी दाराशी आलंय आणि थांबलंय."

"आडलंय का?"

"अडलं नाही. थांबलंय. डोकं माझ्या हाताला लागतं. ते वाट बघतंय."

"कशाची?"

"जागेची," सिस्टर म्हणाल्या. "आजच्या दिवसात एका माणसाचीही जागा राहिलेली नाही."

हौसाबाईनं टेकडीवर टेकलेल्या सूर्याकडं पाहिलं. तिला ते पटलं. गिरणीच्या डब्यात पीठ शिगेला लागलं की आणखी मूठभरही मावत नाही, हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

"मग तालुक्याला नेऊ तिला."

"तिथंही एक जूनच आहे, मावशी."

"उद्यापर्यंत कळ काढंल ती."

"उद्या येत नाहीये." सिस्टरांनी आवाज खाली आणला. "तिची ताकद चाललीय. जागा झाली नाही तर दोघांचं मला सांगता येणार नाही. तुम्ही काहीतरी करा. मी इथून हलू शकत नाही."

आतून कांचन ओरडली, "आई, जाऊ नको गं!" हौसाबाई दारात गेली, लेकीच्या घामेजल्या कपाळावर तळहात ठेवला आणि म्हणाली, "आले मी. जागा घिऊन येते." बाजारातून भाजी आणते, अशा सुरात ती हे बोलली.

शाळेच्या मैदानावर पंगत बसली होती. ज्यांना ज्यांना एक जून मिळाला होता ते सगळे दुपारपासून तिथं बसलेले होते. बोलावणं कुणाला गेलं नव्हतं. कुणी ओट्यावर विडी ओढत होतं, कुणी दावणीला बैल बांधत होतं, आणि पुढच्या क्षणाला पंगतीत मांडी घालून बसलं होतं. प्रत्येकापुढं पत्रावळ होती आणि पत्रावळीवर जिलेबी. रांगा मैदानात मावल्या नव्हत्या म्हणून कुंपणाबाहेर गेल्या होत्या, नांगरलेल्या रानांतून ओढ्यापर्यंत उतरल्या होत्या आणि ओढ्यापलीकडं परत चढल्या होत्या. इतर गावांचेही होते, इतर जिल्ह्यांचेही. मांडीला मांडी लागलेली, दोघांच्या मध्ये बोट घालायला फट नव्हती. तिला आपलीही पत्रावळ दिसली, मैत्रीण झुंबरबाईच्या शेजारी; लेकीपाशी अडकली म्हणून तीच तेवढी बसायची राहिली होती. जिलेबीला अजून हात लागलेला नव्हता. इतकी माणसं एका दिवशी जन्मलेली तिनं कधी एकत्र पाहिली नव्हती. तिनं तोंडावर पदर धरला आणि क्षणभर लेकीचंही विसरून ती नुसती बघत राहिली.

मग ती भानावर आली आणि पहिल्या रांगेला लागली. एसटीतून निवृत्त झालेला गेनूभाऊ ड्रायव्हर कडेलाच बसला होता.

"गेनूभाऊ, उठता का? कांचनचं बाळ आडून बसलंय. एक जागा पायजे."

"उठलो असतो गं," गेनूभाऊ जिलेबी मोडत म्हणाला. "पण या तारखेवर माझी पेन्शन हाय. मी उठलो तर त्ये म्हणत्याल, गेनू जन्मलाच न्हाई. मग इतकी वर्सं गाडी कुणी चालवली?"

"तुमचा खरा जन्म कवाचा?"

"आई म्हणायची, टोळधाड आली तवाचा. टोळधाडीवर कोण पेन्शन देतंय?"

त्याच्या शेजारी पोलीस पाटील रंगनाथ बसला होता. हौसाबाई काही विचारायच्या आत त्यानं मान हलवली. त्याच्या शाळेच्या दाखल्यापासून लायसनपर्यंत सगळीकडं एक जून होता आणि भावकीत वाद चालू होता. पुढच्या मास्तरीणबाई कळवळून म्हणाल्या, "अगं, मी उठते," आणि उठल्याही. पण त्या उठल्या तरी पत्रावळ हलेना. दोन्हीकडची माणसं जरा सरकायला गेली तेव्हा मधली जमीनच आवळून आली. बाई परत खाली बसल्या.

"नुसतं उठून भागत नाही गं, हौसा," त्या म्हणाल्या. "जिथून ही तारीख मिळाली तिथूनच ती सुटावी लागत असेल."

पुढच्या रांगेत तिचा नवरा होता. बबनरावाला जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण वाढदिवस त्याचाही एक जूनच होता, आणि वाढदिवस काही माणसाबरोबर जात नाही. लग्नाच्या वेळी दोघांची एकच तारीख बघून भटजी म्हणाले होते, पत्रिका बघायचं कामच उरलं नाही. तो तसाच होता, पांढरी टोपी, कानामागं पेन्सिल. त्याला बघून तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

"अवो, कांचन आडलीय," ती म्हणाली.

त्यानं दोन्ही हात जमिनीवर टेकले आणि उठायला जोर केला. कपाळाची शीर ताठली, पण तो जागचा हलला नाही.

"मेलेल्या माणसाची जागा न्हाई हलत, हौसे," तो म्हणाला. "लई प्रयत्न केला." मग तिच्याकडं नीट बघून म्हणाला, "तू काय करायला निघालीस ते मला दिसतंय. तू न्हाई उठायचं."

"मग कोण उठंल?"

त्यानं आपल्या पत्रावळीवरची जिलेबी उचलून तिच्या हातावर ठेवली. तिनं ती पदराच्या टोकात बांधली आणि पुढं निघाली.

एव्हाना तारीख इतकी फुगली होती की तिच्यात पूर्वी जे जे घडलं होतं तेही वर यायला लागलं होतं. मारुतीच्या पाराशी लाकडी बांध्याची एसटी येऊन उभी राहिली. पहिली एसटी पुण्याहून नगरला निघाली ती एक जूनलाच, आणि ही तीच होती, हार घातलेली. खिडकीतून एका फेटेवाल्या म्हाताऱ्यानं मान बाहेर काढली आणि विचारलं, "बाई, नगर आलं का?" हौसाबाई म्हणाली, "न्हाई, बाबा, अजून लांब हाय." म्हातारा म्हणाला, "असू दे. पहिल्यांदाच बसलोय. कितीबी लांब असू दे."

मग जमीन धडधडली आणि दख्खनची राणी नांगरलेल्या रानातून गेली. रूळ नव्हते. तीही पहिल्यांदा धावली होती ती याच तारखेला. तिचे चकचकीत डबे ढेकळांवरून गेले आणि एक ढेकूळ फुटलं नाही. खिडक्यांतली साहेब माणसं आणि मडमा पंगतीकडं बघत होत्या. पंगतीतल्या बायांनी त्यांना हात केले. एका मडमेनंही हात केला.

लिंबाच्या झाडाखाली जाड कातडी डगले घातलेली काही गोरी माणसं घाम गाळत उभी होती. पृथ्वीच्या वरच्या टोकाला, बर्फात, होकायंत्राची सुई सरळ खाली बघते ती जागा त्यांना फार जुन्या एका एक जूनला सापडली होती. आता ती सुई त्यांनी हौसाबाईपुढं धरली. सुई इथंही सरळ खाली, मातीत बघत होती. ते कोणत्या भाषेत बोलले कुणास ठाऊक, पण तिला कळलं.

"तुम्ही तरी उठता का?" तिनं विचारलं.

"आम्ही इथे जन्मलो नाही," ते म्हणाले. "आम्हाला फक्त सापडलं. जे सापडलं ते हरवता येत नाही."

आणि वरून रडणं ऐकू येत होतं. पळसटाकळीत माडीचं घर एकही नव्हतं, तरी वरच्या मजल्यावरून यावं तसं ते येत होतं. जगात जी जी पुढं नावाजली जाणार होती आणि एक जूनला जन्मली होती ती सगळी बाळं तिथं वर रडत होती. त्यांतलं कुणी पुढं पडद्यावर झळकणार होतं, कुणी दरबारात बसणार होतं, कुणी गाणार होतं. आत्ता मात्र त्यांचं रडणं कुणाच्याही पोरासारखंच होतं. हौसाबाईनं वर बघून आपसूक हात जोडले. एका दिवसात इतकं मावतं, हे तिला ठाऊक नव्हतं. आपण आयुष्यभर याच दिवसाच्या एका कोपऱ्यात बसलो होतो आणि शेजारी एवढं सगळं बसलेलं होतं, या विचारानं तिला भरून आलं. पण याच एवढ्या मोठ्या दिवसाला तिच्या नातवंडापुरती जागा नव्हती, आणि त्याचा तिला संतापही आला.

सगळ्या रांगा ज्या टोकाला मिळत होत्या तिथं, झेंड्याच्या खांबाखाली, टेबल टाकून औटी गुरुजी बसले होते. केस काळे, बाह्या दुमडलेल्या, म्हणजे बदली होऊन गावात नवे आले होते तेव्हाचे. त्यांच्यापुढं पोरांची ओळ होती. सगळ्या वर्षांची पोरं एकाच ओळीत, नाकं वाहणारी, तेल चोपडलेली. एकेक पोर पुढं येत होतं, हात डोक्यावरून नेऊन कान धरत होतं. गुरुजी म्हणत होते, "एक जून. पुढचा." आणि पोर पळत जाऊन पंगतीत बसत होतं, बसता बसता म्हातारं होत होतं.

"गुरुजी, आता बास करा," हौसाबाई म्हणाली. "दिवस भरलाय. माझ्या लेकीचं बाळ खोळंबलंय."

गुरुजींनी वर पाहिलं. "आणि या पोरांना शाळेत घालू नको?"

शाळा नसती तर तिला पाटी रंगवता आली नसती, विजेचं बिल वाचता आलं नसतं, नवरा गेल्यावर गिरणी दिरांच्या घशात गेली असती. या माणसानं एका खोट्या तारखेनं तिला उभं केलं होतं. ती हे जाणून होती.

"त्यातल्या एकालाच नको म्हणा," ती म्हणाली. "मला. माझी जागा मोकळी करा."

"मी जागा देत नाही, बाई. मी फक्त दिवस सांगतो. कानाला हात लागला की मला सांगावाच लागतो."

"आणि न्हाई लागला तर?"

"तर ते पोर घरी जातं आणि त्याला दिवस राहत नाही." गुरुजी चष्मा पुसू लागले. "एक सांगून ठेवतो. दिवस नसलेलं माणूस दिसतं, बोलतं, जेवतं. पण कुणाच्या ओळखीचं राहत नाही. जवळच्या माणसाच्या तर मुळीच नाही."

"माझ्या लेकीच्याबी?"

"मी म्हणालो ना, जवळच्या."

दुरून, उपकेंद्राच्या बाजूनं, कांचनचं कण्हणं येत होतं, आणि प्रत्येक वेळी ते आधीपेक्षा बारीक होत होतं.

"या पोरांत मी कुठं हाय?" तिनं विचारलं.

गुरुजींनी ओळीकडं बोट केलं. चार पोरांमागं एक काळीसावळी पोरगी उभी होती, थोरल्या भावाचा सदरा गुडघ्यापर्यंत आलेला, हातात शेळ्या हाकायची काठी. सोबत कुणी नव्हतं. आई खुरपायला गेली होती, आणि म्हशीचं सांगायलाही कुणी आलं नव्हतं. हौसाबाई तिच्यापुढं उकिडवी बसली. आपलाच चेहरा इतक्या जवळून बघताना तिला लाजल्यासारखं झालं.

"काय गं हौसे, शाळंत जायचंय?"

"व्हय."

"कशाला?"

"मला माझं नाव लिवायचंय."

"हात लागतो का कानाला?"

"लागतोय की! बघ." पोरीनं काठी बगलेत धरली, हात डोक्यावरून नेला आणि कान घट्ट पकडून दाखवला. "आधी न्हवता लागत. शेळ्यांमागं रोज वढून बघते मी. पोळ्यापासनं वढतेय."

हौसाबाईला ते आठवत होतं. खांदा दुखायचा, तरी ती ओढायची.

"आज लागू दिऊ नको," ती म्हणाली.

पोरीनं कान सोडला. "का?"

"माझी पोर आडलीय. तिचं बाळ यायला जागा न्हाई. तुझी जागा मिळाली तर येईल."

"तुझी पोर केवढी हाय?"

"तुझ्यापेक्षा लई मोठी. पण घाबरली की अगदी तुझ्यासारखी दिसती."

पोरगी विचार करू लागली. विचार करताना ती ओठ चावत होती, आणि हौसाबाईनं पाहिलं की आपणही ओठ चावतोय.

"मग माझं नाव?" पोरीनं विचारलं. "ते कवा लिवू मी?"

खोटं बोलायला सोपं होतं. पुढच्या वर्षी, म्हटलं असतं तर पोर समजली असती. पण आपल्याशीच खोटं बोलायला हौसाबाईची जीभ रेटेना.

"न्हाई लिवता यायचं," ती म्हणाली. तिला रडू फुटलं आणि तिनं ते लपवलं नाही. "मला माफ कर गं बाई."

पोरगी तिच्या डोळ्यांतलं पाणी बघत राहिली. मग तिनं आपल्या सदऱ्याच्या बाहीनं ते पुसलं, शेळीच्या करडाचं तोंड पुसावं तसं, जरा दणक्यानंच.

"पुढचा," गुरुजी म्हणाले, आणि आता पुढची तीच होती.

ती टेबलापुढं उभी राहिली. काठी खाली ठेवली. हात वर गेला, डोक्यावरून पलीकडं आला, बोटं कानाकडं उतरली. कानाच्या पाळीपाशी, तिळाएवढं अंतर ठेवून, ती थांबली. जवळ ओढायला लागतो त्याहून लांब धरायला जास्त जोर लागत होता.

"अजून थोडं," गुरुजी म्हणाले. त्यांच्या आवाजात आर्जव होतं. "लागतोय बघ. ओढ."

"न्हाई लागत, गुरुजी," पोरगी म्हणाली.

गुरुजी थांबले. सगळी ओळ थांबली. त्यांनी हौसाबाईकडं एकदा पाहिलं आणि मान खाली घातली.

"घरी जा, बाळ," ते म्हणाले.

पोरीनं काठी उचलली आणि ती वेशीकडं चालू लागली. तिनं मागं वळून पाहिलं नाही. थोड्या अंतरावर तिच्या शेळ्या दिसल्या, आणि मग शेळ्याच दिसल्या.

पंगतीत एक पत्रावळ उचलली गेली आणि वाऱ्यावर निघून गेली. झुंबरबाईच्या शेजारी एक मोकळी जागा पडली होती. झुंबरबाईनं तिथल्या मातीवर हात फिरवला आणि पलीकडच्या बाईला विचारलं, "इथं कोण होतं गं?" पलीकडची म्हणाली, "कुणी न्हवतं वाटतं." हौसाबाईनं शाळेच्या भिंतीकडं पाहिलं. तिथं मोठ्या अक्षरांत काहीतरी रंगवलेलं होतं. येता जाता ती ते वर्षानुवर्षं वाचत आली होती. आता तिथं निळे फराटे होते, गोल आणि उभे, आणि ते तिच्याशी काही बोलत नव्हते.

तेवढ्यात रडणं ऐकू आलं. हे वरून आलं नव्हतं. उपकेंद्राच्या पत्र्याखालून आलं, ओलं, रागावलेलं, साऱ्या गावाला झापणारं. पंगत जेवता जेवता थांबली. वरची सगळी बाळं गप्प झाली. एसटीतल्या फेटेवाल्यानं फेटा सावरला, राणीच्या खिडक्यांतली माणसं उभी राहिली, डगलेवाल्यांच्या हातातली सुई हलकेच उचलली गेली आणि त्या रडण्याच्या दिशेनं वळली. इतकी माणसं, इतकी वर्षं आणि इतक्या दूरदूरच्या गोष्टी श्वास धरून एका पोराचं रडणं ऐकत होत्या. कारण एवढ्या सगळ्या पंगतीत, त्या गावातलं, खरोखर एक जूनला जन्मलेलं ते पहिलंच होतं.

हौसाबाई धावली. धावता धावता तिच्या मागं सूर्य टेकडीवरून घसरला, शेळ्या घराकडं सुटल्या आणि पंगत उठू लागली. गेनूभाऊ हात धुवायला ओढ्याकडं निघाला होता, तो तिच्या अंगावरून सरळ पुढं गेला. बबनराव बसला होता तिथं आता नुसती जमीन होती.

म्हस्के सिस्टर दारात होत्या. चेहऱ्यावर थकवा होता आणि हसू होतं.

"कोण पाहिजे?"

"कांचन."

"बाळंतिणीची खोली ती समोरची. तुम्ही तिच्या कोण?"

"मी आई," हौसाबाई म्हणाली.

सिस्टरांनी मान डोलावली, आणि मान पुरती खाली यायच्या आत ते त्यांच्या ध्यानातून गेलं. "बसा ना," त्या म्हणाल्या. "तिची आई बाहेर गेलीय. येईलच इतक्यात."

खोलीत दिवा लागला होता. कांचन खाटेवर उशीला टेकून बसली होती, ओठ सुकलेले, केस कपाळाला चिकटलेले, आणि मांडीवर पांढऱ्या फडक्यातलं गाठोडं. ती जिवंत होती. हौसाबाईनं दाराच्या चौकटीला धरलं. तिला त्या घटकेला दुसरं काही नको होतं.

"कांचे," ती म्हणाली. "मीच गं."

"या ना, मावशी," कांचन म्हणाली. ती छान हसली, पहिल्यांदा घरी आलेल्या बाईला बघून हसावं तसं. "तुम्ही कुठल्या?"

"इथलीच."

"मुलगी झाली. बघा ना, नाक सगळं माझ्या आईवर गेलंय."

हौसाबाईनं पाहिलं. नाक खरंच तसंच होतं.

"जरा धरता का हिला?" कांचन म्हणाली. "माझे हात भरून आलेत." तिनं गाठोडं उचलून हौसाबाईच्या हातांत दिलं. मग तिला काहीतरी आठवलं आणि ती गडबडीनं म्हणाली, "पण आई आली की तिला सांगू नका हं, तुम्ही आधी घेतली म्हणून. पहिल्यांदा तिच्याच हातात द्यायची, असं मी ठरवलं होतं. ती जागा आणायला गेलीय."

"न्हाई सांगणार," हौसाबाई म्हणाली.

तिनं बाळ छातीशी धरलं. कांचन दाराकडं बघत होती. हौसाबाई तिच्या शेजारी खाटेच्या कडेला बसली आणि तीही दाराकडं बघू लागली.